पाचवं भांडं

“पायताण काढा, सर.”

जिनगोंडा आण्णा पानमळ्याच्या ताटीत आडवे उभे होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातानं ताटीचा बांबू धरलेला. ऑगस्टची झिमझिम चालू होती. माझ्यामागं सातवीची अकरा मुलं छत्र्या सावरत उभी होती.

“आण्णा, हे पायताण नाही. गमबूट आहेत.”

“पायात घातलं की पायताणच की वो. काढा, पाय धुवा आन् या आत.”

“आज नाही काढणार.”

मागची कुजबुज थांबली. आण्णांनी माझ्या बुटांकडं पाहिलं. गुडघ्यापर्यंत येणारे काळे बूट, चार दिवसांपूर्वी मिरजेहून आणलेले. त्या शनिवारी सकाळी आधी ओढ्यापलीकडच्या भुपाल चौगुल्याच्या ओसाड मळ्यात मुलांकडून गांडुळं मोजून घेतली होती आणि तिथून थेट इकडं आलो होतो. तळव्यांना बोटभर चिखल चिकटला होता.

“माझ्या बानं मामलेदाराला बी हितं बूट काढायला लावलं हुतं,” आण्णा म्हणाले.

“मामलेदाराच्या वेळी आतल्या मातीत ते औषध नव्हतं. त्यातले कण इतके बारीक असतात की कातडीतनं आत जातात म्हणे. त्या औषधवाल्या बाईंवर नजर ठेवा, असं तुम्हीच मला सांगितलंत ना? मग मला माझ्या पद्धतीनं ठेवू द्या.”

“सर,” मागून राजमतीचा आवाज आला. राजमती म्हणजे आण्णांची नात, वर्गातली सगळ्यांत चौकस मुलगी. “मग आजोबा तर रोज अनवाणीच जातात की आत.”

“म्हणूनच सांगतोय,” मी म्हणालो. “तुम्ही कुणी आत यायचं नाही. इथंच थांबा.”

आण्णांनी तांब्यातलं पाणी स्वतःच्याच पायांवर ओतलं आणि बाजूला झाले. “मास्तर माणूस तुम्ही. तुमाला मी काय सांगणार.”

मी आत गेलो.

ज्यांनी पानमळा पाहिला नाही त्यांना सांगतो. शेवरी, हादगा, शेवगा अशी झाडं जवळजवळ लावतात आणि त्यांच्यावर नागवेल चढवतात. वेल लव्हाळ्यानं बांधत बांधत वर न्यायची. आत दिवसाही हिरवा अंधार असतो, आणि घराच्या माजघरात असावा तसा गारवा. दोन ओळींमधली वाट म्हणजे सरी. मळ्यात माणूस सरीनंच चालतो, ओळी ओलांडत नाही. मी मात्र त्या दिवशी ताटीपासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत सरळ तिरका गेलो, कारण मला बाईंच्या प्रयोगाच्या सहाही ओळी पाहायच्या होत्या. मधे एका हादग्याला पूर्ण वळसा घातला. त्याच्या पाठीमागं बाईंनी काय चिठ्ठी बांधली होती ती वाचायची होती. चिठ्ठीवर फक्त एक आकडा होता. चार.

एवढासा आकडा पाहूनही माझा संशय वाढला. नाव का नाही लिहिलं?

बाई म्हणजे डॉक्टर वैदेही सामंत. एका संशोधन संस्थेतून आल्या होत्या, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. वय तिशीच्या आसपास, अंगानं बारीक, एका जुन्या स्कूटरवर सगळं सामान बांधून यायच्या. आमच्या भागात वेलींना मर लागते. बुडखा कुजतो आणि चार दिवसांत पंधरा फुटांची वेल मान टाकते. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय, मोरचूद आणि चुना कालवून पिंपंच्या पिंपं ओतायची. बाई म्हणत, त्या मोरचुदातलं तांबं मातीत साठून राहतं, माती मरते, गांडुळं पळतात. त्यांच्या बाटलीतही तांबंच होतं, पण अतिसूक्ष्म केलेलं. पिंपाचं काम तांब्याभर पाण्यात होईल, असा त्यांचा दावा. आण्णांच्या मळ्यातल्या दोन ओळींना त्यांचं औषध, दोन ओळींना आण्णांचं नेहमीचं मोरचूद, आणि दोन ओळींना काहीच नाही. असा प्रयोग.

त्या एकदा शाळेत आल्या होत्या. मीच बोलावलं होतं, त्यांची परीक्षा घ्यावी म्हणून. त्यांनी पिशवीतून एक अख्खी सुपारी आणि एक अडकित्ता काढला.

“ही अख्खी सुपारी पानात घालून चघळली तर विडा रंगतो का रे?”

“न्हाई,” पोरं ओरडली. पानमळ्याच्या गावातली पोरं.

“आणि कातरली तर?”

“रंगतो!”

“का?”

बाईंनी सुपारीचे दोन तुकडे केले. “आता बघा, मघाशी जी बाजू आत लपली होती ती बाहेर आली. अजून कातरली की अजून बाजू बाहेर. सुपारी तेवढीच, पण लाळेला भेटायला जागा जास्त. आम्ही तांब्याची सुपारी कातरली. इतकी बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत तसले हजारभर कण शेजारी शेजारी बसतील.”

मी बावीस वर्षं विज्ञान शिकवत होतो. एवढं सोपं मला कधी सुचलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, ते मला टोचलं.

मग राजमतीनं विचारलं, “बाई, ते कण पानात पण जातात का? पान तर आपण कच्चंच खातो.”

“थोडे जात असतील.”

“किती?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच माझ्या दोन ओळींची पानं बाजारात जाणार नाहीत. तोडून खड्ड्यात पुरायची, असं तुझ्या आजोबांशी ठरलंय.”

बावीस वर्षांत मी वर्गात कधी ‘माहीत नाही’ म्हटलं नव्हतं. शिक्षकानं तसं म्हणायचं नसतं, असं मला वाटायचं. ही बाई तर स्वतःच्याच औषधाबद्दल म्हणत होती. त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली.

गावातही तेच बोलणं चाललं होतं. भुपाल चौगुले पारावर बसून म्हणायचा, “औषध चांगलं हाय तर पानं पुरतीस कशाला? आन् फवारताना सवता तोंड बांधती, हातमोजं घालती. म्हंजे तिला ठावं हाय की आत काय हाय.” भुपालचा स्वतःचा मळा आदल्या वर्षी मरीनं गेला होता, त्यामुळं त्याच्या बोलण्याला धार होती. लोक हसायचे, पण मान डोलवायचे.

मी मुलांना एक सवय लावली होती. वहीच्या डाव्या पानावर वर लिहायचं ‘दिसलं’, उजव्या पानावर ‘वाटलं’. जे डोळ्यांनी पाहिलं ते डावीकडं. जे मनात आलं ते उजवीकडं. दोन्हींची भेसळ करायची नाही. त्या शनिवारी भुपालच्या मळ्यातल्या गांडुळांबद्दल सगळ्यांच्या डाव्या पानावर एकच ओळ होती. पाच खड्डे, गांडुळं दोन. बाईंचं म्हणणं खरं निघत होतं. मी मात्र मनातल्या मनात म्हणालो, एक गोष्ट खरी सांगून दहा खोट्या खपवायची जुनी रीत आहे.

बाई स्वतः मळ्यात जाताना ताटीपाशी चपला काढायच्या, पाय धुवायच्या, अनवाणी आत जायच्या. पूर्वी मळ्यात बायकांनाही मज्जाव असे. आण्णांनी तो कधीच मोडला होता, त्यांची बायको पानं खुडायला लागली तेव्हा. पायताणाचा नियम मात्र त्यांनी कुणासाठी मोडला नव्हता. बाईंचे ते धुतलेले पाय पाहून मला वाटायचं, काय नाटक आहे. म्हाताऱ्याला कसं गुंडाळायचं ते बरोबर कळलंय हिला.

तेराव्या दिवशी शाळेची घंटा व्हायच्या आत राजमती धावत आली.

“सर, वेली माना टाकायल्यात.”

“कुठल्या ओळीतल्या?”

“बाईंच्या ओळीतल्या पण हायत.”

मी सायकल काढली. ताटीबाहेरूनच दिसलं. हिरव्या अंधारात पिवळे डाग पडले होते. वेली झाडाला धरून होत्या, पण पानं लोंबत होती, ओल्या फडक्यासारखी. आण्णा एका बुडख्यापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी अंगठ्यानं साल दाबली तशी ती घसरून आली.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आधी वाईट वाटलं नाही. आधी वाटलं, बघा, मी म्हणत नव्हतो?

“आण्णा, मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं हुतं की,” ते म्हणाले. वर बघितलं नाही. “बाला मरून चाळीस वर्सं झाली. ह्या मळ्यात मर कवा शिरली न्हवती.”

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत राजमती वही घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिनं आजोबांच्या मळ्याचा नकाशा काढला होता. प्रत्येक वेल म्हणजे एक ठिपका. मेलेल्या वेलीवर फुली. फुल्या चौदा होत्या.

“छान काढलायस.”

“सर, औषधानं मेल्या असत्या तर बाईंच्या दोनच ओळी मरायला पायजेत ना? ह्या बघा. बाईंच्या ओळीत चार. मोरचुदाच्या ओळीत पाच. आणि काहीच न घातलेल्यात पण पाच.”

“वाऱ्यानं उडालं असेल फवारताना.”

“वाऱ्यानं उडालं तर सगळीकडं उडेल. हे तर रेघ मारल्यागत आहे.” तिनं पेन्सिलीचं टोक ताटीपाशी ठेवलं आणि फुल्यांवरून ओढत नेलं. ताटीपासून तिरकं, ओळी कापत, विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत. मधे एका ठिकाणी फुल्यांनी हादग्याभोवती वाटोळं केलं होतं.

“मळ्यात असं आडवं कोण चालत न्हाई, सर,” ती हळू म्हणाली. मग थोडं थांबून, “तुम्ही त्या दिवशी कुठनं कुठनं चाललात?”

बाहेर मुलं विटीदांडू खेळत होती. मी तो नकाशा वहीतून अलगद फाडला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“राहू दे माझ्याकडं. मी बघतो.”

तिनं फाटलेल्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग वही मिटून ती गेली.

रविवारी सकाळी आण्णांच्या घराच्या सोप्यावर गाव जमलं. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या, कुणी बसा म्हटलं नव्हतं. भुपाल पुढं होता.

“आण्णा, इचार कसला करतासा? बाईचं सामान काढा भाईर आन् त्या सहा ओळी उपटून टाका. न्हाईतर सगळा मळा जाईल.”

“सहा ओळी उपटून भागणार नाही,” बाई म्हणाल्या. “ही मर आहे. माझ्या औषधानं बुडखा असा कुजत नाही.”

“मर माझ्या मळ्यात हुती. मधी वढा हाय, अर्ध्या कोसाचं रान हाय. काय पंख लावून आली?”

“ती उडत नाही. चिखलातून येते. खुरप्याला लागून, पायाला लागून.”

“आमच्या ताटीत,” आण्णा म्हणाले, “पाय धुतल्याबिगर कोण येत न्हाई. आन् पायताण घालून तर…”

ते मधेच थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पाहिलं ते दारातल्या चपलांच्या ढिगाकडं.

“सर, तुमी सांगा,” भुपाल म्हणाला. “तुमी इज्ञानातले. औषधाचं काम हाय का न्हाई?”

सगळा सोपा माझ्याकडं वळला. खिशातला नकाशा मला सदऱ्यावरूनही जाणवत होता. बाईही बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. त्या फक्त उत्तराची वाट बघत होत्या, वर्गातल्या मुलासारख्या.

“नक्की सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

“तर मग तपासू,” बाई लगेच म्हणाल्या. “शाळेत चार भांडी ठेवूया. चारीत पाणी. एकात मेलेल्या वेलीच्या बुडाची माती. दुसऱ्यात माझ्या ओळीतल्या जित्या वेलीची. तिसऱ्यात भुपालदादांच्या मळ्याची. चौथ्यात माती नाही, नुसतं माझं औषध. वर नागवेलीच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत मर असेल तर तिसऱ्या दिवशी पानावर काळे डाग पडतील. औषध पान जाळत असेल तर चौथ्या भांड्यात दिसेल. मग मी स्वतः सामान बांधते. तुम्हाला सांगायला लागणार नाही.”

“भांड्याला हात कोण लावणार?” भुपालनं विचारलं. “तूच न्हवं?”

“मुलं लावतील. मी लांब उभी राहते.”

आण्णा उठले. “तीन दिस. बुधवारी काय ते कळंल. तवर कुणी काय उपटायचं न्हाई.”

मी घरी आलो. गमबूट मोरीच्या दाराआड उभे होते, त्या शनिवारी काढून ठेवले होते तसेच. चिखल वाळून भेगाळला होता. माझी पत्नी कुसुम भांडी विसळत होती.

“ते धुवा की एकदाचं. दोन आठवडं झालं, येता-जाता माती सांडतीया.”

मी घंगाळातून तांब्या भरून घेतला. उजवा बूट आडवा केला. तळव्याच्या खाचांमध्ये माती घट्ट बसली होती. एक तांब्या पुरला असता. फार तर दोन. पाणी मोरीतून परसात, परसातून गटारात. संध्याकाळपर्यंत बूट दुकानातल्यासारखे झाले असते. मग नकाशा राहिला असता, पण नकाशा म्हणजे एका बारा वर्षांच्या मुलीनं काढलेल्या चौदा फुल्या. आणि कदाचित बाईंचं औषधच वाईट निघालं असतं. ती शक्यता होतीच. मला ती शक्यता फार हवी होती.

“असं काय बघताय बुटाकडं?” कुसुम म्हणाली. “सरका, मी धुते.”

“हात लावू नको.”

“का?”

मी तांब्या खाली ठेवला. बूट तसेच वर्तमानपत्रात गुंडाळले.

त्याच दुपारी शाळेत मुलं जमली होती. बाकावर चार काचेची भांडी मांडलेली, शेजारी मातीच्या पुड्या. बाई ठरल्याप्रमाणं व्हरांड्यात उभ्या होत्या. आण्णा आणि भुपाल दारात. मी वर्तमानपत्र बाकावर उघडलं.

“राजमती, कपाटातनं अजून एक भांडं काढ.”

ती उभीच राहिली.

“पाचवं भांडं,” मी म्हणालो. “ह्या मातीसाठी.”

बोटभर चिखल सुकून अर्ध्या बोटाचा झाला होता. मी पट्टीनं तो खरवडला. दारातून आण्णा बघत होते. भुपालनं तोंड उघडलं तसा आण्णांनी त्याच्या दंडाला हात लावला. मी खिशातला नकाशा काढून राजमतीच्या वहीत, फाटलेल्या जागी ठेवला. तिनं तो नीट बसवला.

ते तीन दिवस मी नीट जेवलो नाही. शाळा सुटल्यावर रोज त्या बाकाजवळ जाऊन उभा राहायचो. दुसऱ्या दिवशी डाग नव्हते. कुठल्याच भांड्यात नाही. मला हलकं वाटलं आणि त्या हलक्या वाटण्याची शरमही वाटली. मी चौथ्या भांड्यावर जास्त वेळ वाकायचो. औषधाच्या भांड्यावर.

बुधवारी बाईंनी आपलं सूक्ष्मदर्शक आणलं. आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, असं त्या म्हणाल्या. मुलं रांगेनं पाहू लागली आणि राजमती मोठ्यानं सांगत लिहू लागली.

“एक नंबर, मेलेली वेल. डाग आहेत. दोन नंबर, बाईंच्या ओळीतली जिती वेल. डाग नाहीत. तीन नंबर, भुपालकाकांचा मळा. डाग आहेत, लई आहेत. चार नंबर, औषध.” ती वाकली. “काळे डाग नाहीत. पण पानाची कड जरा तपकिरी झाल्यागत दिसती.”

भुपाल पुढं सरसावला. “बघा! मी म्हणत न्हवतो?”

व्हरांड्यातून बाई आत आल्या. त्यांनी ते पान चिमट्यानं उचललं, उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आता काहीतरी सबब सांगतील, असं वाटलं.

“बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “कड करपलीय. प्रमाण जास्त झालंय माझ्याकडनं. लिही, राजमती. चार नंबर, कड तपकिरी. मीही लिहून घेते.” आणि त्यांनी स्वतःची वही काढून खरंच लिहिलं, स्वतःच्या विरुद्ध, सगळ्यांसमोर.

मग पाचवं भांडं उरलं.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मधे अडकायला नको. आण्णांचा निम्मा मळा त्या पावसाळ्यात गेला. उरलेला त्यांनी चर खोदून, पाणी तोडून वाचवला, आणि चर खोदायला मी रोज शाळा सुटल्यावर जात होतो, अनवाणी. बाईंच्या ओळींत मी तुडवलेल्या सात वेलींपैकी तीन जगल्या. काहीच न घातलेल्या ओळींत तुडवलेली एकही जगली नाही. मी उत्साहानं म्हणालो, बाई, म्हणजे तुमचं औषध लागू पडतं. त्या म्हणाल्या, “सर, एका मास्तरांच्या बुटांवर प्रयोग सिद्ध होत नाही. पुन्हा करायला पाहिजे.” त्या पुढची तीन वर्षं येत राहिल्या, निम्म्या प्रमाणानं, आणि पानं पुरत राहिल्या. मी तेव्हाही त्यांना खोदून खोदून विचारायचो. आजही त्या बाटल्यांबद्दल कुणी फार खात्रीनं बोलू लागलं की मी विचारतो, पानात किती जातं? फक्त आता आधी पाय धुतो.

आण्णांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. एकदाच, चर खोदता खोदता म्हणाले, “बा म्हणायचा, आत लक्ष्मी हाय, म्हणून पायताण काढायचं. मला बी तेवढंच ठावं. खरं कारण ठावं असतं तर तुमाला त्या दिशी सोडलं नसतं.”

त्या बुधवारी मात्र ते दारातच उभे होते. मुलं एकेक करून पाचव्या भांड्यावर वाकली आणि माझ्याकडं न बघता जागेवर जाऊन बसली. बाईंनी त्यातल्या पानाचा तुकडा घेतला, एक कण काचेवर ठेवला, वर पाण्याचा थेंब, आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. स्वतः डोळा लावला, चाक थोडं फिरवलं आणि बाजूला झाल्या.

“सर, बघा.”

“तुमचे कण दिसतात का ह्यात?” मी विचारलं.

“नाही. ते फार बारीक असतात, ह्यात दिसत नाहीत. ही दिसतेय ती मरीची बुरशी, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.”

मी चष्मा काढला आणि वाकलो. उजेडाच्या गोलात धाग्यांचं जाळं होतं, आणि त्या धाग्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बारक्या, स्वच्छ पिशव्या. मी मोजायला लागलो आणि मोजणं सोडून दिलं. सुंदर होतं ते. मी वर बघितलं तेव्हा आख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता.

“मला असं वाटतं,” मी सुरुवात केली, “की त्या दिवशी पाऊस होता, आणि…”

राजमती उठून माझ्यापाशी आली. तिनं वही माझ्यापुढं बाकावर ठेवली, डावं पान उघडं करून. पाच नंबरपुढची जागा तिनं कोरी सोडली होती. पेन्सिल माझ्या हातात दिली.

“दिसलं ते लिहायचं, सर,” ती म्हणाली. “वाटलं ते पलीकडं.”

मी लिहिलं. पाच नंबर, माझ्या बुटाची माती. डाग आहेत.